अँटेना वाढवून शेडमधले नेट वाढत नाही

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.
बेळगावच्या उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे. मुख्य शेड ६० बाय २५ मीटर, पत्र्याचा. आत चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीन), एका कोपऱ्यात वेल्डिंग, वर ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर सरकणारी). पुढच्या बाजूला स्लॅबचे ऑफिस, तिथे फायबरचे नेट आणि कंपनीने दिलेला राउटर. रस्त्यापलीकडे सुमारे १५० मीटरवर पॅकिंगचा गाळा आहे.

अडचणी अशा. शेडच्या मागच्या भागात वायफायच्या दांड्या दिसतात, पण ड्रॉइंग उघडत नाही. फोनला रेंजही नसते. पॅकिंगच्या गाळ्यात रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारी डबी) बसवला आहे, तो उन्हाळ्यात चालतो आणि पावसाळ्यात बसतो. आठवड्यातून दोन-तीनदा नेट जाते आणि बिलिंग अडते. वेल्डिंग चालू झाले की नेट जाते असे पोरे म्हणतात. शिवाय आमचा टेम्पो जॉब घेऊन गोकुळ शिरगाव, शिरोलीला जातो. निपाणी सोडली की ड्रायव्हरच्या फोनचे नेट बंद, मग ई-वे बिलाची (माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन नोंदीची) पळापळ.

दुकानदार म्हणतो, सहा अँटेनांचा ‘लाँग रेंज’ राउटर आणि छतावर मोबाईल बूस्टर घाला. दोन्ही मिळून ३८,००० रुपये. घालू का?

— एक कारखानदार, उद्यमबाग

उत्तर

नमस्कार. घालू नका. त्या राउटरने तुमची एकही अडचण पूर्ण सुटणार नाही, आणि बूस्टर बसवणे बेकायदा आहे. तुम्ही ज्याला एकच ‘नेटचा त्रास’ म्हणता ती चार वेगळी दुखणी आहेत. त्यांतली दोनच वायफायची, एक करंटची आणि एक फोनच्या सेटिंगची. फुकटात सुटणारे आधी घेऊ.

टेम्पोचे दुखणे सीमेचे आहे. मोबाईल कंपन्यांच्या लेखी कर्नाटक हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा मिळून दुसरे. कंपनी तीच असली तरी दोन्ही सर्कलमध्ये तिच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक वेगळा असतो. निपाणी सोडून कोगनोळीकडे गेले की फोन पलीकडच्या टॉवरला चिकटतो, आणि काही फोन त्याला रोमिंग समजतात. तुमच्या पॅकमध्ये देशभर रोमिंग मोफत असेलही, पण फोनमधला ‘डेटा रोमिंग’चा खटका बंद असला तर कॉल लागतो आणि नेट मात्र चालत नाही. अनेकांनी रोमिंगचे पैसे कापले जायचे त्या काळात तो बंद केला, तो तसाच राहिला. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा, डेटा रोमिंग चालू करा. त्याच पानावर नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते बघा. कुणीतरी कधी हाताने नेटवर्क निवडून ठेवले असेल तर फोन कर्नाटकचाच टॉवर शोधत बसतो, आणि हद्दीवर दूरच्या टॉवरचा मरतुकडा सिग्नल धरून ठेवतो. टेम्पोला जीपीएस ट्रॅकर असेल तर त्यातल्या सिमलाही हाच नियम. तो कागलच्या पुढे गप्प होत असेल तर ट्रॅकरवाल्याला रोमिंग चालू करायला सांगा.

पण मुळात ड्रायव्हरला नेट लागायलाच नको. ई-वे बिलाची प्रिंट, किंवा नुसता क्रमांक, आणि सोबत बीजक किंवा जॉबवर्कचे (दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्याचे) चलन एवढे जवळ असले की पुरते. गेटमधून बाहेर पडण्याआधी पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवायची. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा गाडी नंबर भरावा लागतो. ते काम ऑफिसात बसून होते, ड्रायव्हरने फक्त फोन करून नंबर सांगायचा. वैधता साध्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस असते, कोल्हापूरला ती भरपूर झाली. आणखी एक गोष्ट इथल्या अनेक लहान कारखान्यांत निसटते: ५०,००० रुपयांची मर्यादा सगळीकडे लागू नाही. माल जॉबवर्कसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवला जातो तेव्हा किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतेच. शिरोलीच्या पार्टीचे पाच हजारांचे कास्टिंग तुमच्याकडे मशीनिंगला येत असेल, तर ‘छोटाच तर माल आहे’ हे कारण चालत नाही. चोर्ला घाटाने गोव्याला किंवा कणकुंबीच्या बाजूला गाडी जात असेल तर वाटेत जंगल आहे, तिथे कुठल्याच सेटिंगने रेंज येणार नाही. कागद जवळ ठेवा.

आता ‘नेट जाते’ याकडे. नेट जाते म्हणजे नेमके काय जाते, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका. ऑफिसात फायबर ज्या डबीत येतो तिच्यावर बारीक दिवे असतात. त्यांतले दोन ओळखून ठेवा, ‘पॉन’ आणि ‘लॉस’. राउटरशेजारी एक वही टांगा. नेट गेले की वेळ लिहायची आणि दिवे बघायचे. लॉसचा दिवा लाल असेल तर बाहेर फायबर तुटली आहे किंवा वाकली आहे, ते काम कंपनीचे. पॉन हिरवा स्थिर आहे, लाल काही नाही, तरी नेट नाही, तर कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत किंवा तुमच्या राउटरमध्ये घोटाळा. आणि सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील तर नेट गेलेलेच नाही, करंट गेला होता. आठ दिवसांची वही दुकानदाराच्या अंदाजापेक्षा जास्त सांगेल.

तुमच्या पोरांच्या वेल्डिंगच्या तक्रारीत तथ्य आहे, कारण मात्र वेगळे. वेल्डिंगच्या ठिणगीचा विद्युत गोंधळ मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झपर्यंत त्याचा फारसा जोर पोचत नाही. पण सेट चालू होताना त्याच फेजवरचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि राउटरचा स्वस्त अ‍ॅडॅप्टर तेवढ्यात मान टाकतो. झोल अर्ध्या सेकंदाचा, पण राउटर पुन्हा उभा राहायला दोन ते चार मिनिटे घेतो. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) करंट जाऊन जनरेटर लागेपर्यंतही हेच होते. दहा सेकंदांचा अंधार, आणि पुढची चार मिनिटे बिलिंगवाला हात बांधून बसलेला.

उपाय स्वस्त आहे. फायबरची डबी, राउटर आणि स्विच (नेटच्या वायरी जोडणारी पेटी) या तिन्हींना बॅटरीचा आधार द्या. डबी आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बघा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनच्या आत अधिक की बाहेर, तेही जुळवा. लोक राउटरला यूपीएस लावतात आणि डबी विसरतात, मग वायफाय झळकते पण नेट नसते. इलेक्ट्रिशियनला सांगून ऑफिसचा हा पॉइंट वेल्डिंगच्या फेजवरून दुसऱ्या फेजवर घ्या.

वहीत लाल दिव्याच्या नोंदी जास्त निघाल्या तर दुसरी लाइन हवी. रस्त्याची, गटाराची, पाण्याच्या पाइपची खोदाई चालू असली की फायबर तुटायची तेवढी तुटणारच. दुसरी लाइन म्हणून सिमचा ४जी किंवा ५जी राउटर घ्या, पण सिम फायबरच्या कंपनीचे नको. एकाच कंपनीची फायबर आणि तिचाच जवळचा टॉवर बऱ्याचदा एकाच खंदकातून जोडलेले असतात, जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो. कुठल्या कंपनीचे घ्यायचे हे शेजाऱ्याला न विचारता मोजा. ऑफिसच्या गच्चीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन-तीन फोन न्या, सिग्नल मोजणारे कुठलेही मोफत अ‍ॅप उघडा आणि आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) नावाचा आकडा बघा. तो उणे असतो. उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून वर चांगला, उणे १०० ला काम भागते, उणे ११० च्या खाली धंदा त्यावर टाकू नका. दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती; तो १० च्या वर असला तर उत्तम, शून्याच्या खाली गेला तर दांड्या भरलेल्या असूनही वेग मिळणार नाही. दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर, दोन्ही वेळा मोजा. संध्याकाळी टॉवरवर गर्दी होते. सिमचा राउटर पत्र्याखाली ठेवू नका. बाहेर बसवायचा प्रकार घ्या आणि टॉवरच्या दिशेच्या भिंतीवर लावा.

दोन्ही लाइन एका दोन-वॅनच्या (बाहेरच्या दोन लाइन घेणाऱ्या) राउटरमध्ये घालायच्या म्हणजे एक गेली की दुसरी आपोआप येते. इथे एक नेहमीची चूक होते. फायबर दोन किलोमीटरवर तुटली तरी डबी आणि राउटर यांच्यातली वायर शाबूत असते, त्यामुळे राउटरला वाटते लाइन जिवंत आहे, आणि तो सिमवर जातच नाही. म्हणून सेटिंगमध्ये बाहेरच्या एखाद्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करून (हाक मारून उत्तर येते का ते) बघण्याची सोय चालू करा. ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन पत्ते द्या आणि तीन वेळा उत्तर आले नाही तर लाइन बदला असे सांगा. बदल झाला की बँकेचे आणि जीएसटीचे पान तुम्हाला बाहेर काढील, पुन्हा लॉगिन करायचे, घाबरायचे नाही. सिमच्या लाइनवरून कॅमेऱ्यांना आणि कॉम्प्युटरच्या अपडेटना मज्जाव करा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस खातो. आठ कॅमेरे बाहेर पाठवायला लागले तर तासाला ७ जीबी डेटा जातो आणि दुपारच्या जेवणाआधी पॅक संपतो. घरून कॅमेरे बघायची सवय असेल तर हेही लक्षात घ्या की सिमच्या लाइनवर पोर्ट उघडून आत येता येत नाही, कारण कंपनी एकच पत्ता अनेकांत वाटते. रेकॉर्डरच्या स्वतःच्या क्लाउड अ‍ॅपमधून चालते.

आता शेड. दांड्या दिसतात पण ड्रॉइंग उघडत नाही, यात नवल काही नाही. देवळाच्या भोंग्यावरचा पुकारा चार गल्ल्या ऐकू जातो, पण तिथून तुम्ही दिलेली ओ पुजाऱ्याला ऐकू येत नाही. राउटरचा आवाज मोठा, फोनचा लहान. फोनवरच्या दांड्या राउटरचा आवाज मोजतात. फोनने मागितलेले राउटरपर्यंत पोचते का, हे त्या सांगत नाहीत. सहा अँटेनांचा राउटर पुकारा मोठा करील, तुमचा फोन तेवढाच राहील. त्यात ऑफिसची भिंत, मशीनची लोखंडी कव्हरे आणि चहूबाजूंचा पत्रा. पत्र्यातून वायफाय जात नाही, आपटून परत फिरते.

म्हणून एक मोठा राउटर सोडा आणि शेडमध्ये तीन लहान अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेले नेट वायफायने पसरवणाऱ्या डब्या) लावा, प्रत्येक आपल्या वायरीवर. ६० मीटर लांबीत साधारण १०, ३० आणि ५० मीटरवर, पहिला डाव्या रांगेच्या खांबाला, दुसरा उजव्या, तिसरा पुन्हा डाव्या. उंची चार ते साडेचार मीटर, आणि कुठल्याही परिस्थितीत क्रेनच्या रुळाखाली. छताच्या कैचीला टांगले तर क्रेनचा गर्डर पुढे-मागे जाताना मध्ये येतो, मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता ४० अंशांपर्यंतच्या वापराला बनवलेल्या यंत्राला भाजून काढते, आणि दुरुस्तीला दर वेळी शिडी-मचाण लागते. ओतीव लोखंडाचा चुरा आणि कूलंटचे धुके जाळीतून आत शिरून सर्किटवर बसते, म्हणून धूळ-पाणीरोधक, आयपी६५ दर्जाचा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्या. तो मिळाला नाही तर साधा प्लॅस्टिकच्या पेटीत. लोखंडी पॅनेलमध्ये कुलूपबंद करून ठेवलेले राउटर उद्यमबागेतच नव्हे, मच्छे-होनग्यापर्यंत बघायला मिळतात. चोरीपासून राहतात, कामालाही येत नाहीत.

चॅनेलच्या, म्हणजे वायफायच्या हवेतल्या पट्ट्यांच्या, बाबतीत कंजूष राहा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ एवढेच तीन चॅनेल एकमेकांत न घुसणारे आहेत, तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंटना एकेक द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधले शेडला द्या. १४९ ते १६१ रस्त्यापलीकडच्या जोडणीला राखून ठेवा. ५२ ते १४४ मध्ये जाऊ नका. रडारची चाहूल लागली की यंत्र ते चॅनेल सोडून पळते, आणि तेवढा वेळ जोडणी तुटते. ताकद ‘कमाल’वर ठेवण्याचा मोह आवरा, २.४ वर ‘कमी’, ५ वर ‘मध्यम’ पुरे. ताकद जास्त असली की सुपरवायझर मागच्या मशीनपाशी पोचला तरी त्याचा फोन पहिल्याच अ‍ॅक्सेस पॉइंटला धरून बसतो. तिघांचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा आणि ‘८०२.११के’ व ‘व्ही’ या, फोनला जवळची डबी सुचवणाऱ्या, सोयी चालू करा. कमकुवत सिग्नलच्या फोनला सोडून देण्याची मर्यादा देता येत असेल तर उणे ७५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक) ठेवा.

वायर प्रत्येकी १०० मीटरच्या आत हवी. तुमचा शेवटचा अ‍ॅक्सेस पॉइंट चढ-उतार धरून ७० मीटरच्या आसपास पडेल, बसते. कॅट-६ शुद्ध तांब्याची मागा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर भरपूर आहे आणि खोक्यावर तिचे नाव बारीक अक्षरात असते. ब्लेडने तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. याच वायरीतून अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज जाते, अ‍ॅल्युमिनियममध्ये ती वाटेतच गळते आणि लांबचा अ‍ॅक्सेस पॉइंट संध्याकाळी भार वाढला की आपोआप बंद-चालू होऊ लागतो. वेल्डिंगच्या आणि मोटरच्या केबलपासून ही वायर ३० सेंटिमीटर दूर ठेवा, ओलांडायचे झाले तर काटकोनात. वेल्डिंगचा खरा उपद्रव इथे होतो, हवेत कमी आणि शेजारून गेलेल्या वायरीत जास्त. टिग वेल्डिंगचे हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असेल तर आणखीच.

जे हलत नाही त्याला वायफाय देऊ नका. बिलिंगचा कॉम्प्युटर, डेटा ज्यावर आहे तो सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, सगळे वायरीवर. अकाउंटिंगची फाइल दुसऱ्या मशीनवरून वायफायने उघडलेली असताना जोडणी तुटली की नोंद अर्धवट लिहिली जाते, आणि मग डेटा दुरुस्तीला बसा. सीएनसीचेही तसेच. नेटवर्कचे पोर्ट असलेल्या मशीनला वायर द्या. जुन्या मशीनला आरएस-२३२ (जुने सीरियल पोर्ट) असेल तर ती केबल १५ मीटरच्या आत ठेवा. लांब पडत असेल तर मशीनजवळ सीरियल-इथरनेटची डबी लावून पुढे कॅट-६ ओढा. एकेक ओळ पाठवत कटिंग चालवायची पद्धत वायफायवर कधीच नको. मध्ये सेकंदभर थांबले तरी टूल जागीच घासते आणि जॉबवर खूण राहते. प्रोग्राम पूर्ण मेमरीत किंवा कार्डावर उतरू द्या, मग सायकल स्टार्ट.

रस्त्यापलीकडच्या गाळ्याला जमिनीखालून किंवा वरून वायर नेणे सोपे दिसते, पण सार्वजनिक रस्ता खोदायला परवानगी लागते, वरून ओढली तर उंच भरलेला ट्रक नेतो, आणि १०० मीटरच्या पुढे तांब्याची वायर तशीही चालत नाही. इथे ५ गिगाहर्ट्झच्या दोन बाहेरच्या रेडिओंची समोरासमोर जोडी लावा. १५० मीटर हे त्यांना खेळ आहे. रिपीटर काढून टाका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

पावसाळ्यात रिपीटर का बसतो, याचे खापर पावसावर फोडू नका. या फ्रिक्वेन्सीला मुसळधार पाऊससुद्धा १५० मीटरमध्ये अर्धा डेसिबल खात नाही. खातात ती ओली पाने. वाटेत झाड असेल तर एप्रिलमध्ये ते विरळ असते आणि जुलैत गच्च भरून भिजलेले. तुमच्या दोन छतांच्या मध्ये काय येते ते गच्चीवर उभे राहून बघा, आणि नुसते ‘दिसते’ यावर थांबू नका. रेडिओच्या लहरीला सरळ रेषेभोवती मोकळी जागा लागते, तुमच्या अंतराला ती मध्यावर सगळ्या बाजूंनी सुमारे १.४ मीटर. खालून कंटेनर जातो तो साडेचार मीटर धरा. म्हणजे मध्यावर रेषा सहा मीटरच्या वर हवी. दोन्ही बाजूंना सात मीटर उंची पकडा. शेडच्या कडेला दीड-दोन इंची जीआय पाइप दोन जागी क्लँपने बांधा, एका क्लँपवरचा पाइप वाऱ्याने फिरतो आणि आषाढात जोडी एकमेकींकडे पाठ करते. पत्र्याला अगदी लागून लावू नका, निदान मीटरभर वर घ्या.

जोडी चालू झाली की स्क्रीनवरचा सिग्नल बघत आधी आडवी, मग उभी दिशा सावकाश जुळवा. उणे ५० ते ५५ डीबीएम आले की थांबा. एवढ्या कमी अंतरावर उणे ३५ सुद्धा सहज येतो आणि तो चांगला नसतो, समोरच्याचे कान बधिर होतात. ताकद कमी करा. रुंदी ४० मेगाहर्ट्झ पुरेशी आहे.

बेळगावात या यंत्रांना पावसापेक्षा वळीव मारतो. एप्रिल-मेच्या विजा. पाइप जाड तारेने थेट अर्थ पिटला जोडा, न्यूट्रलला नव्हे. केबल बाहेर वापरायची काळी, शील्ड असलेली घ्या, शील्डची तार रेडिओच्या आणि आतल्या बाजूच्या अर्थला नीट जोडली जाऊ द्या, आणि केबल इमारतीत शिरते तिथे लॅनचा सर्ज प्रोटेक्टर लावा, त्यालाही अर्थ. घरातली करडी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते आणि भेगेतून शिरलेले पाणी केबलच्या पोटातून वाहत स्विचच्या पोर्टमध्ये उतरते. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, पाणी तिथून टपकेल. रेडिओचे झाकण नेहमी जमिनीकडे.

विजेच्या डब्या अदलाबदल करू नका. अ‍ॅक्सेस पॉइंट बहुधा ४८ व्होल्टच्या पीओईवर (नेटच्या वायरीतूनच येणाऱ्या विजेवर) चालतात आणि स्विच आधी ओळख पटवून मगच वीज देतो. बाहेरच्या रेडिओंसोबत येणारी काळी डबी अनेकदा २४ व्होल्टची असते आणि न विचारता वीज सोडते. ती चुकून दुसऱ्या यंत्रात किंवा लॅपटॉपमध्ये खुपसली तर पोर्ट जळू शकते. प्रत्येक डबीवर मार्करने नाव लिहा.

बूस्टरचे थोडक्यात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय मोबाईल सिग्नलचा रिपीटर बसवता येत नाही, आणि खासगी माणसाला ती मिळत नाही. तो चौफेर गोंगाट टॉवरकडे फेकतो, आसपासच्या कारखान्यांचे कॉल तुटतात, कंपनीच्या तक्रारीवरून पथक शोधत येते. तुम्हाला शेडमध्ये फक्त कॉल लागायला हवा ना, मग तीन अ‍ॅक्सेस पॉइंट लागल्यावर फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. ही सोय २०२० च्या सुमारापासून मोठ्या कंपन्यांकडे आहे, वेगळे अ‍ॅप लागत नाही, नंबर तोच. फोनचे मॉडेल तिला चालणारे हवे. राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्ट अडवलेली नसावीत.

पाहुण्यांना, ट्रक ड्रायव्हरना वेगळे वायफाय द्या, मशीन आणि अकाउंटवाले वेगळे. डब्ल्यूपीएसचे (पासवर्ड न टाकता जोडून देणारे) बटण बंद. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

काम देताना बिलावर ‘शुद्ध तांबे कॅट-६’ असे लिहून घ्या. पैसे चुकते करण्याआधी तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. ऑफिसातून एक जीबीची फाइल पॅकिंगच्या गाळ्यात कॉपी करायची आणि वेळ लिहायची. क्रेन आणि वेल्डिंग दोन्ही चालू असताना शेडच्या मागच्या भिंतीपाशी ड्रॉइंग उघडायचे. मग फायबरची पिवळी वायर डबीतून काढायची आणि मिनिटाभरात बिलिंग सिमवर येते का ते बघायचे. राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट, दोन्ही रेडिओ आणि रेकॉर्डर यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड कागदावर तुमच्या ताब्यात घ्या. ते दुकानदाराकडे राहिले तर पुढच्या प्रत्येक लहानसहान बदलाला त्याची व्हिजिट फी पडते.